कप्तान ज्वालाप्रसाद यांचे आगाऊ निधन

भविष्याच्या पडद्याआड काय दडलं आहे हे पाहण्याची दृष्टी नियती युगायुगांतून एखाद्यालाच देते. आमच्या नागपुरातल्या सदर भागात ती तिनं कृष्णकांत पाचखेडे यांना दिली होती. देताना थोडी घाई झाली असावी, कारण कृष्णकांतरावांना भविष्य अर्धवटच दिसायचं, आणि जेवढं दिसायचं तेवढंही बहुधा चुकायचं.

हे भविष्य देशाचं नव्हे. देशाचं भविष्य सांगणारे नागपुरात प्रत्येक पानठेल्यावर उभे असतात. कृष्णकांतराव सांगायचे ते कॉमिक्सचं. 'कप्तान ज्वालाप्रसाद' नावाचं एक हिंदी कॉमिक्स दिल्लीहून दर महिन्याला निघायचं. पुढच्या अंकात काय होणार ते कृष्णकांतराव सिंधूताईंच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर आधीच लिहून मोकळे व्हायचे. वर लाल खडूनं 'आगामी आकर्षण', खाली पांढऱ्या खडूनं बातमी आणि तिच्याखाली 'आमच्या खास प्रतिनिधीकडून'. खास प्रतिनिधी तेच होते.

वय शेहेचाळीस. एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. घरी पत्नी उत्तराबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. मुलगा गणिताची पुस्तकं वाचायचा, वडील कॉमिक्स. पाहुण्यांसमोर उत्तराबाई "आमच्याकडे वाचन भरपूर आहे" एवढंच सांगायच्या आणि चहा टाकायला आत जायच्या.

ज्यांनी कप्तान ज्वालाप्रसाद वाचले नसतील त्यांच्यासाठी सांगायला हवं. कप्तान दिवसा तारघरातल्या तारा वाटत आणि उरलेल्या वेळात जग वाचवत. राग आला की त्यांच्या अंगातून ज्वाळा निघत. अंगावरचा पिवळा पोशाख मात्र जळत नसे आणि मिशीही जळत नसे. पोशाख का जळत नाही याचा खुलासा एका अंकात आला होता. मिशीचा कधीच आला नाही, आणि त्यावरून वाचनालयात दोन तट पडले होते. ज्वालाप्रसादांचा शत्रू प्रोफेसर हडकंप. शिवाय राजकुमारी चंद्रलता नावाची एक मुलगी होती, जिचं लग्न पहिल्या अंकापासून पुढच्या अंकावर ढकललेलं होतं.

आता, दिल्लीतला अंक नागपुरात कोणी वाचायच्या आधी कृष्णकांतरावांना कळायचा कसा? तर नागपूर देशाच्या मधोमध आहे, आणि या गोष्टीचा आजवर जर कोणी फायदा घेतला असेल तर तो कृष्णकांतरावांनी. अंकांचा गठ्ठा पार्सलनं यायचा, मालधक्क्यावर पडून राहायचा, मग एजंटाकडे, मग वाचनालयात. पण त्याआधीच दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत कोणी ना कोणी नवा अंक वाचत बसलेलं असायचं. कृष्णकांतराव प्लॅटफॉर्म तिकीट काढून डब्यामागून डबा खिडक्यांत डोकावत जायचे. पिवळं काही दिसलं की थांबायचे.

"भाईसाब, जरा आखरी पन्ना दिखाओगे?"

"काहे को?"

"नागपूर की जनता पूछ रही है."

काही प्रवासी पान दाखवायचे. काही पोलिसाला हाक मारायचे. पान दिसेपर्यंत गाडी सुटायची, त्यामुळे बातमीची लांबी गाडी किती थांबते यावर ठरायची. एकदा प्रोफेसर हडकंप ज्वालाप्रसादांसमोर वाकलेला दिसला. फळ्यावर आलं: 'हडकंप शरण!' अंक आला तेव्हा तो बुटाची नाडी बांधत होता. दुसऱ्यांदा फळ्यावर आलं: 'ज्वालाप्रसादांचे घुबडात रूपांतर.' प्रवाशाच्या हातात मुळात दुसरंच मासिक होतं, पक्ष्यांविषयीचं.

त्या घुबडानंतर सिंधूताईंनी कृष्णकांतरावांना टेबलासमोर उभं केलं. सिंधूताई वाचनालय चालवायच्या. स्वतः कॉमिक्स वाचत नसत. मिठाईवाला मिठाई खात नाही तसंच ते.

"लोकं येऊन मला विचारून राहिले, घुबड कुठंय म्हणून," त्या म्हणाल्या. "मी काय उत्तर देऊ? रंभाबाईंचं भजन मंडळ केव्हाचं फळा मागून राहिलंय. त्या लिहितात 'गुरुवारी भजन', आणि गुरुवारी भजन होतं. तुमची आणखी एक बातमी खोटी निघाली, की फळा त्यांना."

"ताई, पत्रकारितेत असं होतं."

"भजनात होत नाही."

कृष्णकांतरावांच्या दृष्टीनं हा साधा फळा नव्हता. कचेरीत साहेब त्यांना 'पाचखेडे' म्हणायचा आणि टंकलेखकही 'पाचखेडे' म्हणायचा. घरी त्यांचं मत भाजी कोणती आणायची इथपर्यंत विचारलं जायचं, तेही भाजी आणून झाल्यावर. संध्याकाळी या फळ्यासमोर मात्र पेन्शनर, कॉलेजची पोरं, बँकेतले दोन कॅशियर असे चांगले जाणते लोक मान वर करून उभे असायचे आणि म्हणायचे, "पाचखेडेसाहेबांनी काय लिहिलंय?" 'साहेब' हा शब्द त्यांच्या नावाला साऱ्या नागपुरात तेवढ्या दोन चौरस यार्डांत लागायचा. फळा गेला की साहेबही गेला.

त्यातच चौऱ्याहत्तर सालचा मे महिना आला आणि रेल्वेचा संप झाला.

देशावर जे संकट आलं ते आलंच, पण वाचनालयावर जे आलं त्याची नोंद कुठे नाही. गाड्या नाहीत म्हणजे अंक नाही, आणि प्रवासी नाहीत म्हणजे बातमीही नाही. कृष्णकांतराव ओस पडलेल्या प्लॅटफॉर्मवर दोनदा जाऊन आले. फळ्यावर 'बातमीची प्रतीक्षा आहे' ही बातमी राहिली. रंभाबाई येता-जाता फळ्याची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजायच्या.

अशा वेळी नत्थूजी बारापात्रे आले. नत्थूजींचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान. कॉमिक्स वाचायला ते सायकल हाणत सदरपर्यंत यायचे, कारण गांधीबागेत त्यांना मान होता. त्या दिवशी त्यांच्या बगलेत एक मोठा कागद गुंडाळलेला होता. भर उन्हाचे आले होते, डोक्याला पंचा, पण पाणीसुद्धा न मागता त्यांनी कागद टेबलावर पसरला.

"कृष्णकांतभाऊ, पाहा हे. दिल्लीची कापडाची गाठ आली आज, ट्रकनं. तरटाचा डाग कापडाले लागू नये म्हणून आतून छापखान्याची रद्दी लावतात न, त्याच्यात निंघालं. कोपऱ्यातला हा लाल भडका ओळखा बरं कोनाचा."

लाल भडका ज्वालाप्रसादांच्या अंकाचा होता. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तो छापलेला असायचा. छापखान्यातून वाया गेलेला कागद होता तो. पिवळा, लाल, निळा असे रंग चढले होते आणि काळा चढायचा राहून गेला होता. म्हणजे माणसांना रंग होते, पण नाक-डोळे नव्हते. चित्रं होती, रेषा नव्हत्या. जिथे माणसं बोलत असावीत तिथे पांढरे रिकामे फुगे होते. एकंदरीत भविष्य जसं दिसतं तसंच ते पान होतं.

पानाच्या मधोमध एक लांबट पिवळा ठिपका आडवा. तो चार तपकिरी ठिपक्यांनी खांद्यावर उचललेला. त्यावर केशरी टिंबं. मागेपुढे मान खाली घातलेले पांढरे ठिपके.

कृष्णकांतरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"नत्थूजी, पिवळा पोशाख कोणाचा?"

"कप्तानसायबाचा."

"आडवे आहेत ते. चौघांनी खांदा दिलाय. अंगावर झेंडूची फुलं. मागे पांढऱ्या कपड्यांतली माणसं." त्यांनी हात जोडले. "गेले."

"कोन गेलं? काहून गेलं?" नत्थूजी उसळले. "अशुभ नका बोलू गा भाऊ. लगन होऊन राहिलं त्याचं! हळद लागली हाय म्हून पिवळा दिसून राहिला. चौघांनी उचलला हाय, मांडवात नेऊन राहिले. झेंडूचा हार हाय. अन् हे पांढरे म्हंता तुम्ही? हा पांढरा नोय, मोतिया हाय. जिंदगी गेली माही कापडात. मोतिया रंग कोनी मयतीले घालते काय?"

"मग सगळ्यांच्या माना खाली का?"

"पोरीकडचे असतीन."

वाद तासभर चालला. पिवळा, हळदी, केशरी, झेंडूरंगी यांतला फरक नत्थूजींनी पंच्याच्या काठावर दाखवून दिला. कृष्णकांतरावांनी प्रश्न टाकला की लग्न असेल तर नवरी कुठंय. नत्थूजी म्हणाले की या कागदाच्या पलीकडच्या पानावर असंल, नवरी नेहमी उशिरानंच येते. सिंधूताई पुस्तकांना डिंक लावत बसल्या होत्या. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

"मरण की लग्न, काय ते ठरवा," त्या म्हणाल्या. "फक्त लक्षात ठेवा. आणखी एक."

कृष्णकांतराव फळ्यापुढे खडू घेऊन उभे राहिले. लग्न लिहावं तर तो अंदाज नत्थूजींचा, आणि तो खरा निघाला तर साहेब नत्थूजी होणार. मरण लिहावं तर काळजाला घरं पडत होती, पण बातमी मोठी होती. लहान बातमी चुकण्यापेक्षा मोठी चुकलेली बरी, असा वृत्तपत्रसृष्टीतला जुना संकेत त्यांना आठवला असावा. त्यांनी लिहिलं: 'कप्तान ज्वालाप्रसाद यांचे दुःखद निधन. पुढील अंकात अंत्ययात्रा.'

दुसऱ्या दिवशी गणपतराव आले. गणपतराव निवृत्त मुख्याध्यापक आणि सदरमधल्या सर्व शोकसभांचे कायम अध्यक्ष. ज्वालाप्रसाद कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण फळ्यावर 'दुःखद निधन' वाचल्यावर त्यांना आणखी माहितीची गरज पडली नाही.

"सभा कधी?" त्यांनी विचारलं.

"सर, अंक अजून यायचाय," कृष्णकांतराव म्हणाले.

"वार्ता कळली आहे ना? मग थांबणं हा मृताचा अनादर. शिवाय," गणपतरावांनी आवाज खाली आणला, "आपण थांबलो तर धंतोलीवाले आधी घेतील."

हा मुद्दा निर्णायक ठरला. धंतोलीतही एक वाचनालय होतं आणि तिथले लोक कुठल्याही दुःखात आमच्या पुढे जायला टपलेले असायचे. रविवार संध्याकाळ ठरली. तोवर संप मिटला होता, गाड्या रांगत का होईना पण सुरू झाल्या होत्या, आणि कृष्णकांतरावांची झोप उडाली होती. आता नुसती बातमी चुकायची राहिली नव्हती, सभेसकट चुकायची होती.

उत्तराबाईंनी पांढरा सदरा इस्त्री करून दिला. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. कृष्णकांतरावांनी सांगितलं. उत्तराबाईंनी सदरा परत घेतला आणि मळका दिला.

रविवारी वाचनालयात दाटी झाली. दाराला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारलेलं होतं. खुर्चीवर फोटो म्हणून जुन्या अंकाचं मुखपृष्ठ, त्याला हार. त्या मुखपृष्ठावर ज्वालाप्रसाद सवयीप्रमाणे आपादमस्तक पेटलेले होते, त्यामुळे पाहणाऱ्यांना प्रसंग अर्धा उरकल्यासारखा वाटत होता.

गणपतराव उठले. त्यांचं शोकसभेचं भाषण एकच होतं आणि ते सर्वांना बसायचं.

"कै. ज्वालाप्रसादजी यांचा आणि माझा अनेक वर्षांचा स्नेह. कोणाच्याही अडचणीला ते धावून जात."

"उडूनही जात," बँकेतला एक कॅशियर हळूच म्हणाला.

"स्वभाव अत्यंत शांत, थंड—"

पहिल्या रांगेत चुळबुळ झाली.

"—आणि अजातशत्रू!"

"सर, प्रोफेसर हडकंप आहे ना!" मागून कोणीतरी ओरडलं.

"प्राध्यापक मंडळींशी मतभेद असतात," गणपतराव म्हणाले. "आजच्या दिवशी ते उकरू नयेत. त्यांच्या मागे कोण आहे?"

"राजकुमारी चंद्रलता," कृष्णकांतराव म्हणाले.

"पत्नी?"

"नाही, अजून ठरायचं होतं."

"अरेरे," गणपतराव म्हणाले, आणि ते खरोखरच हळहळले. भाषणात नसलेलं हे एकच वाक्य ते त्या दिवशी बोलले.

दोन मिनिटं स्तब्धता पाळायला सगळे उभे राहिले. तेवढ्यात वाळ्याचा पडदा सरकला आणि नत्थूजी आत आले. डोक्याला फेटा, बगलेत तोच गुंडाळलेला कागद, हातात आणखी एक फेटा आणि रुमालात अक्षता.

"उभे काहून हाय सारे? मंगलाष्टकं सुरू झाली काय?"

"नत्थूजी, स्तब्धता आहे," कृष्णकांतराव दात आवळून म्हणाले.

"तुमची असंल. म्या आहेर आनला हाय." त्यांनी फेटा फोटोपुढे ठेवला आणि आगीत उभ्या असलेल्या ज्वालाप्रसादांवर अक्षता टाकल्या. दोन-चार अक्षता गणपतरावांच्या टकलावर पडल्या. त्यांनी डोळे मिटूनच त्या स्वीकारल्या. मागच्या रांगेत लग्नाचं मत असलेले काही लोक होते. त्यांनी उरलेल्या अक्षता मागून घेतल्या आणि मग स्तब्धता काही टिकली नाही. ठराव मात्र झाला: 'ही सभा ईश्वराजवळ प्रार्थना करते' वगैरे. एक विरोधी मत, नत्थूजींचं.

ठराव मंजूर होतो न होतो तोच बाहेर रिक्षा थांबली आणि एजंटाचा माणूस सुतळीनं आवळलेला गठ्ठा सिंधूताईंच्या टेबलावर आपटून गेला.

एवढी शांतता मघाशी पाळायला हवी होती. कृष्णकांतराव भिंतीला टेकले. सिंधूताईंनी सुतळी न तोडता सोडली, नीट गुंडाळून खणात ठेवली आणि वरचा अंक उघडला. बगलेतला कागद नत्थूजींनी शेजारी पसरला. सिंधूताई पानं उलटत गेल्या. एका पानाशी थांबल्या.

तेच पान. आता त्यावर काळ्या रेषा होत्या. फुग्यांत अक्षरं होती.

"वाचा ना ताई," कृष्णकांतराव म्हणाले.

सिंधूताईंनी वाचलं. "'संभालके ले जाओ, महाराज की नई दरी है.'"

कोणाला काही कळेना. त्यांनी पान सर्वांकडे फिरवलं. राजवाड्यात साफसफाई चालली होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं मान खाली घालून झाडू मारत होती. आणि चार नोकर खांद्यावरून नेत होते ती एक गुंडाळलेली पिवळी सतरंजी, केशरी बुट्ट्यांची. कप्तान ज्वालाप्रसाद त्या पानावर नव्हतेच.

नत्थूजी मटकन खाली बसले.

"सतरंजी!" ते म्हणाले. "अन् मले नाही ओळखू आली! बाप्पा, गांधीबागेत सांगू नका कोनी."

कृष्णकांतरावांना तेवढ्यानंच थोडा धीर आला. "म्हणजे ताई, ते जिवंत आहेत. आनंदाचीच गोष्ट आहे. आणि नत्थूजींचंही चुकलं की."

"नत्थूजींकडे फळा नव्हता," सिंधूताई म्हणाल्या.

कृष्णकांतराव बाहेर गेले. मागोमाग आम्ही काही जण गेलो. त्यांनी फडकं मागितलं नाही, स्वतःच्या रुमालानं फळा पुसला. 'निधन' आधी पुसलं, मग 'दुःखद', मग बाकीचं. 'आमच्या खास प्रतिनिधीकडून' पुसताना हात थोडा रेंगाळला. रंभाबाई कोपऱ्यावर उभ्याच होत्या, पण त्या बाई मोठ्या मनाच्या. फळा वाळेपर्यंत थांबल्या.

"पाचखेडेसाहेब, वाईट नका वाटून घेऊ," कॅशियर म्हणाला. "पुढच्या महिन्यात कुठंतरी दुसरा फळा बघू."

'साहेब' ऐकून त्यांनी मान वर केली. कॅशियर सवयीनं तसं म्हणाला होता, एवढंच.

आत गणपतराव अजून अध्यक्षांच्या खुर्चीतच होते. झालेला ठराव मागे घ्यायची पद्धत त्यांना माहीत नव्हती आणि सभा संपली असं कोणी म्हणेना, तेव्हा त्यांनी वेळ काढायला एक अंक उचलला. आयुष्यात पहिल्यांदाच ते कॉमिक्स वाचत होते, त्यामुळे अभ्यासाचं पुस्तक वाचावं तसं अगदी पहिल्या अक्षरापासून वाचत होते. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, जिथे मुद्रक-प्रकाशकांची नावं असतात आणि जिथे आमच्यापैकी कोणाची नजर कधी गेली नव्हती, तिथे ते थांबले.

"पाचखेडे," त्यांनी हाक मारली, "हे काय लिहिलंय? कागदटंचाईमुळे या महिन्यात नवी कथा देता येत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वीचाच अंक नव्या मुखपृष्ठासह पुन्हा छापत आहोत, असं म्हणतात."

सिंधूताई उठल्या, आतल्या कपाटातून जुना अंक काढून आणला आणि टेबलावर ठेवला. आत तीच सतरंजी होती, त्याच पानावर. अंक वाचून वाचून मऊ पडला होता. त्याला खाकी कव्हर घातलेलं होतं. ते कृष्णकांतरावांनीच, वाचून झाल्यावर घातलं होतं.